वळण नाही

तिसरीतल्या मुलीच्या चाररेघी वहीत छोटा 'एफ' काढण्यावरून आमच्या घरी जी रडारड झाली, तिच्यात मुलीचा वाटा कमी होता. कर्सिव्हमधला एफ हा वरच्या रेघेवरून निघतो, सरळ तळाला जातो, तिथे गाठ मारतो आणि वर येऊन पुढच्या अक्षराचा हात धरतो. मुलीचा एफ तळाला पोहोचेपर्यंत दमायचा. "दे, मी दाखवतो," म्हणून मी पेन्सिल घेतली. माझा एफ दमला नाही. तो खालच्या दोन ओळी ओलांडून पानाच्या टोकाशी जाऊन थांबला. "बाबा, टीचर मला ओरडतील," असं म्हणत मुलीने खोडरबर घेतलं आणि माझा पुरुषार्थ पुसायला सुरुवात केली.

मला जमत नाही ते कालबाह्य असतं, हे माझं जुनं तत्त्व. याच तत्त्वावर मी पोहणं, पुरणपोळी लाटणं आणि गणपतीची आरास हे विषय आजवर निकालात काढलेले आहेत. त्या रात्री कर्सिव्हची पाळी आली. बारा वाजेपर्यंत अभ्यास केला. फिनलंडने २०१६ पासून शाळांवरची कर्सिव्हची सक्ती काढली. अमेरिकेत २०१० साली आलेल्या 'कॉमन कोअर' या अभ्यासक्रमाच्या चौकटीत कर्सिव्हला जागाच ठेवली नाही. पुढे २०२३ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून ते पुन्हा वर्गात आणलं, हेही मी वाचलं. पण ते पालकसभेत सांगण्यासारखं नव्हतं.

पालकसभेत मी उभा राहिलो. उद्याचं जग कळफलकाचं आहे, वळणदार अक्षरापायी मुलांची बोटं झिजवू नका, वगैरे दणक्यात बोललो. मागच्या बाकावरचे दोन बाप माना डोलवत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान मुद्दे आहेत. लेखी द्या."

मी जोशातच दोन पानं तिथल्या तिथे लिहून दिली. तिसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरातून ती परत आली. वर लाल शाईत शेरा होता : 'मजकूर लागत नाही. कृपया टाइप करून पाठवावा.' हाताने लिहिणं संपलं, हे शाळेनेच कबूल केल्याचं मी बायकोला सांगितलं. ती पानं घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरली, उलटी धरली आणि काही न बोलता परत दिली.

माझ्या अक्षराचा इतिहास मोठा आहे. लहानपणी माझा 'ख' नेहमी फुटायचा. 'आई खीर करते' असं मी लिहिलं की 'आई रवीर करते' असं व्हायचं. आमच्या बाईंनी वहीत समासात विचारलं होतं, 'हा पदार्थ कसा करतात?' माझ्या 'घ' आणि 'ध' यांना तर आपण दोघं आहोत हे अजून माहीत नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ लेखनक्रियेवर आहे, तो आजोबा मला शिक्षा म्हणून वाचायला लावत. सगळा ग्रंथ एकाच टाकाने उतरवल्यासारखा दिसावा, अशी समर्थांची अपेक्षा. माझ्या एका रजेच्या अर्जात किमान चार माणसांची अक्षरं सापडतात, आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसावीत.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात साताऱ्याकडच्या गावाहून काका आले. जुना वाडा उतरवताना ट्रंकेत सापडलेला कागद त्यांनी पिशवीतून काढला. "मोडी आहे. तू शिकलेला. वाच."

मोडी म्हणजे मराठीचं कर्सिव्हच. देवनागरीला आपण 'बाळबोध' म्हणायचो, ते पोराटोरांनाही कळावं म्हणून. कारकुनाला एवढा वेळ कुठला? त्याने बोरू उचलायचाच नाही असं ठरवून अक्षरं मोडली, वाकवली, एकमेकांत ओवली. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंताने ती आणली म्हणतात, काहीजण तर थेट श्रीलंकेहून आणली म्हणतात; आख्यायिकेला प्रवासभत्ता लागत नाही. पुढे शतकानुशतकं वसुली, वतन, भांडण, कर्ज, सगळं तिच्यातच लिहिलं गेलं. शाळेतही ती शिकवत. विसाव्या शतकाच्या मध्यावर कधीतरी ती शाळेतून गेली. छपाईला अवघड, वाचायला अवघड, मुलांना कशाला त्रास, असे तेव्हाचे मुद्दे. म्हणजे माझंच भाषण, माझ्या जन्माआधी कुणीतरी करून गेलेलं.

काकांना 'येत नाही' म्हणणं जिवावर आलं. मी दहा दिवसांच्या मोडी वर्गाला नाव घातलं. सर निवृत्त, बोलणं मोजकं. पहिल्याच तासाला मी प्रेमात पडलो, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही! एकच वेलांटी, एकच उकार. शुद्धलेखनाच्या ज्या तासांना मी बाकावर उभा राहिलो, ते सगळे तास डोळ्यांपुढून गेले. दुसऱ्या तासाला प्रेम ओसरलं. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. आणि दोन शब्दांत जागा सोडायची नाही. संध्याकाळच्या विरार लोकलसारखी अक्षरं दांडीला लोंबकळतात, कुठला हात कुणाचा ते सांगता येत नाही. बोरूने माझ्या शर्टावर जेवढं लिहिलं तेवढं कागदावर लिहिलं नाही. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, संगणकात बसली. माझ्या हातात काही बसली नाही.

एकदा सरांना सहज म्हणालो, "अशी लिपी शाळेतून काढली ते बरंच झालं की." सर बोरूचं टोक तासत होते. "काढली ना," ते म्हणाले. "आता पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. गाठ सोडायला शिपाई मिळतो. पुढचं काम अडतं." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

सातव्या दिवशी गणपती आले आणि मी अर्धा मोडीवाचक होऊन गावी गेलो. कागद देवापुढे ठेवून सगळ्यांदेखत उलगडला. ओळी नऊ. आमच्या भावकीत घरंही नऊ! नवांची सुरुवात एकाच अक्षराने : 'सा'. सामाईक, दुसरं काय? पुढे प्रत्येक ओळीत दोनदा 'वि'. विहीर! मधल्या दहा-बारा अक्षरांवर मी तज्ज्ञाप्रमाणे नुसतं बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "मळ्यातली विहीर नऊ घरांची सामाईक आहे. वाटेपत्र आहे हे."

त्या विहिरीवर थोरल्या चुलतभावाची, दादांची, मोटर आहे. त्यांनी हातातला मोदक ताटात ठेवला. संध्याकाळच्या आरतीला तीन घरं आली नाहीत. रात्री कुणीतरी मोटरचा स्टार्टर काढून नेला. दादा त्याच रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून बाहेर पडले आणि तिथे मी पाठवलेल्या फुलांच्या सुप्रभाताला पोचायला जागा उरली नाही.

पुण्याला परतल्यावर कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि एका दमात वाचलं, "साष्टांग नमस्कार विनंती विशेष." मग दुसरी ओळ वाचली, "साष्टांग नमस्कार विनंती विशेष." तिसरी वाचायची गरज पडली नाही. तो कित्ता होता. माझ्या पणजोबांनी शाळेत पत्राचा मायना गिरवला होता, नऊ वेळा. तळाशी वेगळ्या, देखण्या हातात मास्तरांचा शेरा होता. सरांनी तो सावकाश, जरा जास्तच सावकाश वाचला : "वळण नाही. एक ओळ कमी."

सरांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्या वहीकडे. "घराणं एकच दिसतंय," ते म्हणाले.

दादांची माफी मागणं भाग होतं. गटात ते नाहीत, फोन उचलत नाहीत. टाइप करून पाठवलं तर कोरडं वाटेल, माफी हातानेच मागावी, असं बायको म्हणाली, आणि मलाही ते पटलं, हे मी मुख्याध्यापिकाबाईंना कळवलेलं नाही. दीड तास बसलो. 'ख' जोडले. 'घ' आणि 'ध' वेगळे केले. साष्टांग नमस्कारापासून सुरुवात केली आणि पुढे स्पष्ट लिहिलं की कागद हा कित्ता आहे, त्यात विहीर तुमचीही नाही नि आमचीही नाही, मुळात विहीरच नाही.

आठ दिवसांनी दादांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"पत्र मिळालं रे. सगळं काही लागलं नाही. पण 'विहीर' लागलं, 'तुमची' लागलं. तेवढं बास. लॅमिनेट करून ठेवलंय."