जीपीएसविना सदाशिव पेठ: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: जीपीएस नसलेलं एक यंत्र (आयपॅडचं फक्त वाय-फायवालं मॉडेल उत्तम, त्यात ती चिप नसतेच), सदाशिव पेठेतला एक पत्ता आणि चालायची तयारी. सोबत नवरा किंवा बायको नसल्यास वेळ वाचतो.

पहिली पायरी म्हणजे एक गैरसमज डोक्यातून काढणं. ‘नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, काम झालं’ असं भाचा सांगेल. भाच्याच्या फोनात जीपीएस आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. जीपीएस नसेल तरच इंटरनेट लागतं. मग यंत्र आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांचे आणि सिम असेल तर मोबाइल टॉवरचे नंबर गोळा करतं आणि कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं, मी आहे कुठे? गूगलने २००७ मध्ये साध्या फोनांसाठी टॉवरवरून ठिकाण दाखवायला सुरुवात केली ती अशीच. उत्तर वर्तुळाच्या रूपात येतं. टॉवरचं वर्तुळ पेठांवर पडलं की त्यात सदाशिव, नारायण, शनिवार आणि झाडून सगळे मारुती मावतात.

राउटरचा अंदाज जास्त नेमका. फक्त कोणी कोथरूडहून पेठेत बिऱ्हाड हलवताना राउटरही उचलून आणला असेल, तर त्याच्या खिडकीखाली उभे असताना काही दिवस तुम्ही कोथरूडला असता. (हल्ली बिऱ्हाडं उलट दिशेने जातात. तेव्हा कोथरूडला जाऊन पेठेत असण्याचीच शक्यता अधिक.)

थोडक्यात, तुम्ही कुठे आहात हे नकाशा तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीच त्याला सांगायचं आहे. सॉफ्टवेअर निवडायचं ते हे ध्यानात ठेवून. तारे मोजू नका. शोधपट्टीत ‘पत्र्या मारुती’ लिहा. मग ‘खुन्या मुरलीधर’, ‘उपाशी विठोबा’, ‘भिकारदास मारुती’. निम्मे देव भेटले तरी ॲप ठेवा. देवनागरीत न भेटल्यास इंग्रजीत बघा. लक्ष्मी रस्ता कधी एक्स घालून सापडतो, कधी के-एस-एच घालून. ज्या ॲपला फक्त ‘टिळक चौक’ माहीत आहे आणि त्याच चौकाचं ‘अलका’ हे नाव माहीत नाही, ते कागदोपत्री बरोबर आहे. त्याला कागदोपत्रीच राहू द्या, कारण रस्त्यावर विचाराल तेव्हा तुम्हाला अलकाच ऐकू येणार आहे.

नावानिशी सांगायचं तर, ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात आणि इंटरनेटशिवाय पायी रस्ताही काढून देतात. गूगलचा उतरवलेला नकाशा इंटरनेट नसताना गाडीचाच रस्ता सांगतो, आणि पेठेत गाडीचा रस्ता म्हणजे एकेरी वाहतुकीची प्रदक्षिणा. दोन बोळांपलीकडच्या वाड्यासाठी ती घालण्यात पुण्य नाही. ऑसमअँडमध्ये सेटिंग्ज इतकी आहेत की ती घरी बसूनच उरकावीत. माझं मत विचाराल तर ऑरगॅनिक मॅप्स. त्याला कमी प्रश्न पडतात.

आता प्रत्यक्ष वापर. दुकानाच्या पाटीवरची मोठी अक्षरं वाचू नका, ती मालकाच्या आजोबांविषयी असतात. खालची बारीक ओळ वाचा: घरनंबर, पेठ, ‘पुणे ३०’. तेवढ्यावरून नकाशात ती जागा शोधा, बोट दाबून धरा आणि ‘इथून’ निवडा. पुढच्या चौकात पुन्हा तेच. आवाजी सूचना बंद ठेवा. तुम्ही हललात हेच यंत्राला कळत नाही, ते वळायला काय सांगणार? नकाशाची उत्तर कायम वर असू द्या. तो हाताने गरगर फिरवणाऱ्याला अखेर मुठा नदी कुठल्या अंगाला आहे तेही सांगता येत नाही.

कोणाला विचारायचं झालं तर स्क्रीन पुढे करू नका. समोरचा माणूस रस्ता सोडून नकाशातल्या चुका दाखवू लागतो, आणि त्या खऱ्या असतात.

अनंत चतुर्दशीला यातलं काहीच लागू नाही. मंडईपासून अलकापर्यंत लक्ष्मी रस्ता मिरवणुकीचा असतो, नेटवर्क रेंगाळतं आणि गर्दी नेईल तिकडे जावं लागतं. टॅब्लेट घरी ठेवा. पत्ता गाठायचाच असेल तर दोन दिवसांनी जा, आणि निघण्याआधी यजमानांना फोन करून जवळचा मारुती कोणता ते विचारून घ्या.