हिंगाच्या डबीतला राजा

मामांच्या टेबलापाशी बसायचं तर तोंडाला रुमाल लावूनच बोलायचं, असा नियम आहे. करोनाच्या कितीतरी आधीपासूनचा. बोलताना थुंकीचा बारीकसा शिंतोडा चांदीवर उडाला तर आज काही दिसत नाही, पण काही वर्षांनी तिथे काळा ठिपका उगवतो. "मग राणीने काय जन्मभर तीळ मिरवायचा?" असं मामा विचारतात, तेही रुमालातूनच.

प्रत्येक घराण्यात असा एकजण असतोच, ज्याच्या वस्तूला हात लावायची सोय नसते. कुणाचा रेडिओ असतो, कुणाची स्कूटर. आमच्या मामांचे रुपये आहेत. राणीछाप, राजाछाप, अस्सल कलदार. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. आता असे रुपये जमवणारे पुण्यात पुष्कळ आहेत. कुणी टांकसाळीच्या खुणा शोधतं, कुणी सालं पुरी करतं. १९११चा 'डुक्कर रुपया' आपल्याकडे आहे, हे सांगायला काहीजण अर्ध्या रात्री उठतील. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गहजब झाला आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढून द्यावी लागली. मामांना या कथेत रस नाही. ते विचारतात, "डुकराचं राहू दे. टोन कसा आहे?"

टोन म्हणजे चांदीवर काळाने चढवलेला रंग. हवेतलं गंधक चांदीला हळूहळू लागतं आणि तिच्यावर अतिपातळ साय धरते. त्या सायीत रंग असा नसतोच. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग खेळतात, तसा तो उजेडाचा खेळ. साय जाड होत जाते तसा रंग पालटतो. आधी फिकट सोनेरी, मग लालसर जांभळा, मग निळा, आणि असं करत करत शेवटी काळा. आपण ज्याला 'चांदी काळी पडली' म्हणून नाक मुरडतो, त्या प्रवासातलं अधलंमधलं एखादं देखणं स्टेशन मामा शोधत असतात.

स्टेशनाची उपमा त्यांचीच. जुन्या बाजारात एका विक्रेत्याने त्यांच्यासमोर मोठ्या ऐटीत एक रुपया धरला. गर्द निळा, त्याला लागून थेट पोपटी, मध्ये गुलाबी डाग. विक्रेता म्हणाला, "नॅचरल आहे काका, आजोबांच्या पेटीतला." मामांनी तो कडेने चिमटीत धरला, तिरपा केला आणि परत दिला. "शिवाजीनगर सोडल्यावर एकदम कर्जत? मधलं खडकी, चिंचवड, लोणावळा कुठे गेलं?" विक्रेत्याला काही कळलं नाही. मामांनी समजावलं की खऱ्या टोनमध्ये रंग रांगेने येतात, एकातून दुसरा उमलतो. अक्षरांच्या उंचवट्यापाशी ते जरा बिचकतात, तिथे बारीक उजळ रेघ राहते. घाईने चढवलेला रंग मात्र कशालाच बिचकत नाही, भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा सगळीकडून फिरतो. "हा टोन नाही," मामा म्हणाले, "ही रंगपंचमी आहे." निघताना त्यांनी नाणं हुंगलंही. त्यांच्या मते त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येत होता. गंधकासाठी लोक नाणी अंड्याबरोबर डब्यात कोंडतात हे खरंच आहे. पण शुद्ध शाकाहारी मामांना तो वास इतक्या खात्रीने कसा ओळखता आला, हा प्रश्न मामींनी घरी आल्यावर विचारला आणि त्याला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही.

मामा बँकेत कॅशियर होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून त्यांच्या बोटांना एक शिस्त लागली आहे. आमच्यासारखे लोक नाण्याला पोटावर पकडतात, ते कडेने. टेबलावर चौघडी घातलेला पंचा, म्हणजे नाणं निसटलंच तर मऊ पडावं. वर पिवळ्या बल्बचा दिवा. पांढऱ्या एलईडीत नाण्याचा चेहरा 'कावीळ उतरल्यासारखा' दिसतो, म्हणून त्यांनी जुने साठ वॉटचे बल्ब कपाटात साठवून ठेवले आहेत. मामींचे लोणच्याचे बरणीभर साठे आणि मामांचे बल्ब यांच्यात फडताळाच्या सीमेवरून अधूनमधून चकमक होते.

नाणं पाहण्याचा त्यांचा क्रम ठरलेला. पहिली नजर हातभर अंतरावरून, भिंग न लावता. "मुलगी बघायला गेल्यावर कुणी आधी भिंग काढतं का?" डोळ्यात भरलं तरच पुढे. मग नाणं दिव्याखाली गोल गोल फिरवायचं. टांकसाळीतली मूळ झळाळी टिकून असेल, तर उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. ते रंगाच्या खालून फिरले पाहिजेत. रंग आहे आणि आरे नाहीत, तर मामांचा निकाल येतो, "पैठणी आहे, पण आत कुणी नाही." त्यानंतर रंग बसलाय कुठे ते पाहायचं. कडेने कोर धरून आत उतरला असेल तर उत्तम. ऐन गालावर धब्बा पडला असेल तर गुण कापले. शेवटी भिंग, ओरखड्यांसाठी.

गुण दहापैकी. परदेशी संस्था १ ते ७०च्या मापाने दर्जा ठरवून नाणं प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात, त्यातली एक संस्था फारच देखण्या नाण्याला वर ताराही देते. मामांना ते पटत नाही. "सत्तरातले किती, हे कळल्यावर माणूस नाणं बघायचं सोडतो आणि चिठ्ठी वाचतो." स्वतः मात्र साडेसहा की पावणेसात यावर ते दोन दिवस झोपत नाहीत.

त्यांच्या संग्रहात नऊ गुण मिळालेलं एकच नाणं आहे. सातव्या एडवर्डचा रुपया, १९०७चा. या राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, आणि केसही बेताचेच. मामा ते नाणं कापसातून काढतात तेव्हा खोलीतला पंखा बंद होतो. कडेला गडद निळी कोर. आत शिरताना ती जांभळी होते, मग जांभळ्यात केशर कालवावं तशी तांबूस, मग मधासारखी. दाढीपर्यंत मध पोचलेला, आणि टकलावर मात्र स्वच्छ चांदी. नाणं जरा फिरवलं की ते टक्कल लखकन चमकतं आणि निळी कोर क्षणभर मोरपिशी होते. "बघ," मामा रुमालातून कुजबुजतात, "दिवा लागला टकलावर."

हा राजा आला कुठून? मामांच्या आजीच्या हिंगाच्या डबीतून. पुरुषांना सापडू नये म्हणून बायका पैसे स्वयंपाकघरात लपवत. आजीने हा हिंगात ठेवला आणि विसरली. हिंगाच्या उग्र वासात गंधकच असतं, तेव्हा हा 'हिंगटोन' आहे, असा मामांचा सिद्धांत. त्यांच्याखेरीज तो अजून कुणी मांडलेला नाही.

आता माझा गुन्हा. गेल्या वर्षी गावाकडच्या ट्रंकेत मला १८८५चा राणीछाप रुपया सापडला. मामांना द्यायचा म्हणून आधी तो स्वच्छ केला. चिंचेचा कोळ, वर रांगोळी, शेवटी जुना टूथब्रश. आरशासारखा लख्ख! मामांनी तो हातात घेतला, दिव्याखाली धरला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रुमाल खाली केला. नियम मोडल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आंघोळ घातलीस," ते म्हणाले. "सव्वाशेहून जास्त वर्षं कुणी हात लावला नव्हता रे." राणीच्या गालावर रांगोळीचे शेकडो केसभर ओरखडे दिसत होते. मी गुण विचारले नाहीत. मामी आतून म्हणाल्या, "किती छान चमकतोय! लक्ष्मीपूजनाला ठेवू." मामांनी भिंतीकडे तोंड केलं.

तो रुपया मी विसरून गेलो. परवा मामांकडे जेवायला होतो. मामी फोडणी करत होत्या. त्यांनी हिंगाची डबी उघडली, चमचा आत घातला आणि खळ्ळ असा आवाज आला.

"अहो! आमटीत राणी पडली असती आज!"

मामा पाटावरून उठले. हिंगात अर्धी रुतलेली माझी १८८५ची राणी. कडेला, अगदी नखाएवढ्या जागेत, फिकट सोनेरी झाक आली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, ही तर रंगपंचमी झाली."

"मुळीच नाही." मामा ताठ झाले. "रंगपंचमी म्हणजे घाई. मी कुठे घाई करतोय?"

"किती दिवस ठेवणार?"

"चाळीसेक वर्षं."

मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत. मी हिशेब करत असल्याचं त्यांनी पाहिलं, आणि कॅशियर असल्याने माझ्याआधी केला. "उघडायला तू येशील," ते म्हणाले. "रुमाल आणायला विसरू नकोस. ओरखडे जायचे नाहीत, पण सहा गुण पडतील."

मामींनी राणी परत हिंगात दाबली आणि झाकण लावायला घेतलं.

"घट्ट नको, हवा लागली पाहिजे तिला," मामा म्हणाले.

"घट्ट नाही लावलं तर हिंगाचा वास उडतो," मामी म्हणाल्या, आणि घट्ट लावलं.