सुई आणायला गेलो होतो

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत माणूस सुई आणायला जातो आणि छंद घेऊन परततो. मणी, टिकल्या, जर, नायलॉनचा दोरा. मणी वजनावर मिळतात म्हणून स्वस्त वाटतात. पाव किलो म्हणजे नक्की किती, हे घरी पुडी फुटल्यावर, कपाटाखाली आडवं पडून समजतं.

काचेच्या बारीक मण्यांचा नंबर उलटा चालतो. 8 नंबरचा मोठा, 11 चा बारीक आणि 15 चा म्हणजे आपल्या चष्म्याचा नंबर वाढवणारा. दुकानदाराला हे सगळं तोंडपाठ. ‘काका, कशासाठी हवेत?’ एवढंच तो विचारतो, आणि तिथेच आपली दांडी गुल. ‘बघू, काहीतरी करू,’ असं पुटपुटून आपण आणखी दोन रंग मागतो.

आजीचं असं नव्हतं. तिने मणी आणले की ताटाभोवतीची महिरप ठरलेली, नाहीतर दाराचं तोरण. रुखवतात तिचा मण्यांचा राजहंस कुणी धड पाहिला नाही, पण तो पुरा झालेला होता! (एक डोळा लहान होता, ते सोडा.)

आमच्याकडे आधी प्रेरणा येते, मग मोबाइलवर व्हिडिओ, मग अठरा खणांचा प्लॅस्टिकचा डबा. मणी नंबरवार, रंगवार लावले की इतकं समाधान वाटतं की ओवायचं राहूनच जातं. पाहुण्यांना आम्ही डबाच दाखवतो.

काल त्याचं झाकण बसेना. मोठा डबा आणायला गेलो, तर दुकानात झेक मणी आले होते.

सुई राहिलीच.