तांदळातलं नाव

माझ्या आजीचं माहेरचं नाव कृष्णा. लग्न होऊन कराडला आली, तर थोरल्या जावेचं नावही कृष्णाच. एका घरात दोन कृष्णा म्हणजे एक हाक मारली की दोघी चुलीवरून उठणार आणि दूध उतू जाणार. मग ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीनं त्यात ‘सरस्वती’ असं लिहिलं, पेढे वाटले, पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. आजीला अर्थातच कोणी विचारलं नाही.

युरोपात एवढ्याच कामाला सत्तावीस वर्षं लागली.

1991 साली युगोस्लाव्हियाचं एकत्र कुटुंब फुटलं. बाकीचे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले असताना मॅसिडोनिया मुकाट्यानं वळकटी उचलून बाहेर पडला. तेवढ्यात शेजारच्या ग्रीसनं दारात काठी आडवी घातली. म्हणणं असं की, आमच्या घरात या नावाची थोरली आहे. आणि ती होतीच. उत्तर ग्रीसच्या भूभागाला मॅसिडोनियाच म्हणतात, थेस्सालोनिकी हे तिथलं मोठं शहर, आणि अलेक्झांडर तर आमच्या घरचाच. 1993 साली संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ म्हणून. लग्नपत्रिकेत शोभावं असं हे संबोधन घेऊन बसायचं कुठे? इंग्रजी वर्णक्रमात ‘एम’खाली बसू द्यायला ग्रीस तयार नाही. ‘पूर्वाश्रमीचं’साठी ‘एफ’खाली बसायला मॅसिडोनिया तयार नाही. शेवटी नावाआधीचं जे ‘द’ हे उपपद, त्याचा ‘टी’ धरून त्याला थायलंडच्या शेजारी खुर्ची दिली. उपपदावर संसार थाटलेला दुसरा देश मला तरी ठाऊक नाही.

1994 साली ग्रीसनं नाकेबंदी केली. पुढच्या वर्षी मॅसिडोनियाच्या झेंड्यावरचा सोळा किरणांचा सूर्य उतरला आणि आठ किरणांचा चढला. तेव्हा ग्रीस थोडा शांत झाला. सुनेच्या अंगावरचे निम्मे दागिने उतरवले की सासूला बरं वाटतं, त्यातलाच प्रकार.

मॅसिडोनियाही काही कमी नव्हता. राजधानी स्कोप्येत 2011 साली भर चौकात ब्राँझचा अवाढव्य घोडेस्वार उभा राहिला. तोंडावळा अलेक्झांडरचा, तलवार अलेक्झांडरची, ऐट अलेक्झांडरची. अधिकृत नाव मात्र ‘घोड्यावरचा योद्धा’. आमच्या आजीनं आजोबांचं नाव आयुष्यात घेतलं नाही. पोस्टमननं विचारलं तरी ‘ते, पंचांगात बघतात ते’ असं म्हणायची. पण तिनं आजोबांचा पुतळा उभारून विमानतळाला त्यांचं नाव दिलं नव्हतं. स्कोप्येनं विमानतळही अलेक्झांडरच्या नावावर केला होता.

अखेर जून 2018 मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी दोन पंतप्रधान भेटले, ग्रीसचे त्सिप्रास आणि मॅसिडोनियाचे झाएव. तांदूळ पसरले आणि लिहिलं गेलं: ‘उत्तर मॅसिडोनिया’. 2019 च्या फेब्रुवारीत नाव लागू झालं. गाड्यांच्या जुन्या पाट्यांवर नव्या अक्षरांचे स्टिकर चिकटले. विमानतळाला तर त्याआधीच नुसतं स्कोप्ये म्हणू लागले होते. जुन्या नावाचे पासपोर्ट 12 फेब्रुवारी 2024 पासून रद्दी ठरणार होते, म्हणून त्याआधी खिडक्यांपुढे रांगा. रांगेतला माणूस घरी गेला की देशाला नुसतं मॅसिडोनियाच म्हणणार. आजीसुद्धा माहेरी गेली की कृष्णाच असायची. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्ष सिल्यानोव्स्का-दावकोव्हा यांनी शपथ घेताना जुनंच नाव उच्चारलं, आणि ग्रीसच्या राजदूतबाई समारंभातून उठून गेल्या.

तर सासूची समजूत पटली. 2020 च्या मार्चमध्ये ‘नाटो’त प्रवेशही मिळाला. आता युरोपीय संघाचं माप ओलांडायचं, पाय उचलला, आणि नणंद उठली.

ही नणंद म्हणजे बल्गेरिया. गंमत अशी की 1992 च्या जानेवारीत मॅसिडोनियाला सगळ्यांत आधी मान्यता दिली ती हिनंच. पण देशाला दिली. त्या देशात राहणारे लोक वेगळे, त्यांची भाषा वेगळी, हे तिला कबूल नव्हतं. तिच्या मते तो बल्गेरियन लोकांचाच एक चुकार घोळका आणि त्यांची बोली ही बल्गेरियनचीच बोली. म्हणून दोन देश कागद करतात तेव्हा भाषेचं नाव नुसतं लिहीत नाहीत. 1999 चं संयुक्त निवेदन असो की 2017 चा मैत्री करार, ‘बल्गेरियाच्या राज्यघटनेप्रमाणे बल्गेरियन आणि मॅसिडोनियाच्या राज्यघटनेप्रमाणे मॅसिडोनियन’ अशा अर्थाचा सोवळ्यातला शब्दप्रयोग त्यांनी शोधून काढला आहे. म्हणजे घटना मिटून ठेवली की भाषा गायब. (हसू नका. कोकणी ही मराठीची बोली, असं छातीठोक सांगणारी मंडळी आपल्याकडेही होती. 1975 साली साहित्य अकादमीनं कोकणीला मान्यता दिली तेव्हा त्यांतल्या कित्येकांना जेवण गेलं नव्हतं.)

2020 च्या नोव्हेंबरात बल्गेरियानं नकाराधिकार वापरला. त्यात भाषा होती, इतिहास होता आणि गोत्से देल्चेव्ह होता. हा क्रांतिकारक जन्मला आजच्या ग्रीसमधल्या कुकुशला, तुर्कांशी लढताना 1903 मध्ये मारला गेला, त्याच्या अस्थी 1946 साली सोफियाहून स्कोप्येला नेल्या. तो बल्गेरियन की मॅसिडोनियन, हे ठरवायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती बसली आहे. त्या बिचाऱ्यानं स्वतः काय ते नीट लिहून ठेवायला हवं होतं, पण तो सुलतानाशी लढण्यात गुंतलेला.

मध्यस्थीला फ्रान्स आला. 2022 मध्ये तोडगा निघाला: मॅसिडोनियाच्या घटनेत अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांची नावं आहेतच, त्यांत बल्गेरियनांचंही घाला, मग पुढचं बोलू. 2021 च्या जनगणनेत असे बल्गेरियन निघाले 3,504. अठरा लाखांच्या देशात. स्वतःच्या घटनेत कुठल्याच अल्पसंख्याकांना मान्यता न देणारा फ्रान्स दुसऱ्याच्या घटनेत अल्पसंख्याक कसे घालावेत याचा मसुदा लिहून देतो, हे पाहून मला त्या सगळ्या मामांची आठवण झाली, जे स्वतः अविवाहित राहून स्थळं जुळवत हिंडतात. फ्रेंच भाषेत बारीक चिरलेल्या मिश्र फळांच्या सॅलडला ‘मासेदवान’ म्हणतात. मॅसिडोनियात नाना जातींची माणसं एकत्र नांदतात, त्यावरून ते नाव पडलं अशी कथा सांगतात. सॅलडवाल्यांनाच सॅलडमध्ये आणखी काय टाकावं ते सुचणार.

आता युरोपीय संघाची अट बघा. 1993 साली कोपनहेगनला ठरलं की आत यायचं तर अल्पसंख्याकांचा मान राखला पाहिजे, त्यांना संरक्षण दिलं पाहिजे. अट उत्तम आहे. फक्त ती उंबऱ्याबाहेरच्यांना लागू आहे. ग्रीस 1981 पासून आत आहे, आणि 1923 च्या लोझान करारातले थ्रेसमधले मुस्लिम सोडले तर त्याच्या लेखी देशात अल्पसंख्याक नाहीत. फ्लोरिनात काहींनी ‘मॅसिडोनियन संस्कृती भवन’ अशी संस्था नोंदवायला काढली, ती नोंदवून घेतली नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं 1998 मध्ये ग्रीसला दोषी धरलं. बल्गेरिया 2007 पासून आत. तिथे ‘इलिंदेन’ नावाची मॅसिडोनियन संघटना वर्षानुवर्षं नोंदणीसाठी खेटे घालते आहे, स्ट्रासबुर्गचं तेच न्यायालय 2001 पासून पुन्हापुन्हा तिच्या बाजूनं निकाल देतं आहे, आणि सोफियाचे कारकून शिक्का शोधत आहेत. 1956 च्या बल्गेरियन जनगणनेत मॅसिडोनियन होते पावणेदोन लाखांहून जास्त. 1965 च्या जनगणनेत दहा हजारही नव्हते. साथ आली नाही, लढाई झाली नाही, गाव ओस पडलं नाही. आधी पक्षाचा हुकूम होता ‘मॅसिडोनियन लिहा’, मग हुकूम आला ‘लिहू नका’. तीच माणसं, त्याच घरात, त्याच चुलीपाशी.

मॅसिडोनियातल्या त्या 3,504 बल्गेरियनांना मात्र या खेळात हसू येत नसणार. बितोलात बल्गेरियन सांस्कृतिक मंडळ निघालं, त्याला 2022 साली आग लावली गेली. आग लावणं हा गुन्हाच. पण मंडळाला नाव काय दिलं होतं, तर इव्हान मिहाइलोव्ह या नाझींशी संधान बांधलेल्या पुढाऱ्याचं. आणि त्या भूमीवर 1941 ते 44 बल्गेरियाचाच ताबा होता. 1943 च्या मार्चमध्ये तिथल्या 7,144 ज्यूंना बल्गेरियन पोलिसांनी गोळा केलं आणि ट्रेब्लिंकाला पाठवलं. स्मारकांवरचे ‘बल्गेरियन फॅसिस्ट’ हे शब्द काढा, हीही बल्गेरियाची एक मागणी आहे. इथे माझी लेखणी जरा अडते.

खरं तर समानतेचा धडा या देशानं आपल्या परीनं गिरवला होता. 2001 साली अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात लढाई पेटली, ऑगस्टमध्ये ओह्रिडचा करार झाला. अल्बेनियन भाषेला हक्क मिळाला, पण घटनेत तिचं नाव नाही. ‘किमान 20 टक्के नागरिक बोलतात ती भाषा’ असं लिहिलं आहे. पुन्हा आमची आजीच! उखाण्याचा आग्रह झाला असता तर ‘वीस टक्के रुपये ठेवते राखून’ असं काहीतरी तिनंही जुळवलं असतं. तरी तोडगा चालला. त्या बंडात कमांडर असलेले तलात जाफेरी 2024 च्या जानेवारीत देशाचे काळजीवाहू पंतप्रधान झाले. ते पहिले अल्बेनियन पंतप्रधान. ब्रसेल्सनं याला गुण दिले, पण निकाल राखून ठेवला.

घटनादुरुस्तीला 120 पैकी 80 मतं लागतात आणि ती जमत नाहीत. 2024 ची निवडणूक जिंकलेलं मित्स्कोस्की सरकार म्हणतं, आधी हमी द्या की यानंतर आणखी कोणी पाहुणा उठणार नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यायला कोणी नाही. बरोबर दारात ताटकळलेली अल्बेनिया 2024 च्या ऑक्टोबरात वाटाघाटींसाठी आत गेली. मॅसिडोनिया 2005 पासून उमेदवार, अजून ओसरीवर.

या सगळ्या भांडणात रोमांसाठी कोणी नकाराधिकार वापरत नाही. साहजिक आहे, त्यांचा शेजारी देश नाही. जनगणनेत ते सेहेचाळीस हजारांवर, म्हणजे बल्गेरियनांच्या तेरापट, घटनेत नाव आधीपासून आहे. 2009 च्या डिसेंबरात मॅसिडोनियनांना युरोपात बिनव्हिसा जायची मुभा मिळाली. मग तिकडे आश्रय मागणारे वाढले, तिकडून डोळे वटारले गेले, आणि मॅसिडोनियाचे अधिकारी आपल्याच सीमेवर आपल्याच रोमा नागरिकांना चेहरा बघून अडवू लागले. परत पाठवलेल्यांचे पासपोर्ट काढून घ्यायची सोयही झाली, ती घटना न्यायालयानं 2014 मध्ये रद्द केली. हा भेदभाव होता, असं मानवाधिकार न्यायालय 2023 मध्ये म्हणालं.

स्कोप्येच्या कडेला शुतो ओरिझारी नावाची रोमांची मोठी वस्ती आहे. ‘ओरिझ’ म्हणजे तांदूळ. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेले हे लोक नाकाला नाख म्हणतात, कानाला कान, पाण्याला पानी. नावाला ‘अनाव’. सीमेवर त्यांना ते कोणी विचारत नसे. कुठे चाललात, खिशात किती आहेत, आणि परतीचं तिकीट दाखवा.