वरची शेव

इंदूरचा माणूस तेलकट खात नाही. त्याचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, फोडणीला तेल नावापुरतं. हे अभिमानाने सांगता सांगता तो वर मूठभर शेव घालून घेतो. शेव तेलात तळलेली खरी, पण ती मोजायची नसते; ती वरची. जिलबीही मोजायची नसते, कारण पोह्यांबरोबर ती असतेच.

आमच्या इथल्या मराठी मंडळींनी यात पुण्याची शिस्त मिसळली आहे. कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच जेवतं, तेही 55 मिनिटांत. नियम फार सोयीचा. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोर कढया चढतात. 55 मिनिटांत भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी आणि रबडी आरामात बसते. दुसरा पंथ साजूक तुपाचा. तुपाने वजन उतरतं असं कानावर आल्यापासून ही मंडळी बाफला तुपात बुडवताना औषध घेतल्यासारखा चेहरा करतात.

स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, पिठा-साखरेच्या ग्रॅमला 4. तूप गाईचं असो, तेल सोयाबीनचं असो की ऑलिव्हचं, हिशेब तोच. कोणतं स्निग्ध बरं, याने हृदयाला फरक पडतो, कमरेला नाही. तेलातुपाने जठर सावकाश रिकामं होतं हेही खरं, पण त्याचा फायदा हात थांबला तर. सराफ्यात पुढची गाडी चार पावलांवर.

1977 साली अमेरिकी सिनेटच्या एका समितीने लोकांना स्निग्ध कमी खायला सांगितलं. कारखान्यांनी ते काढून साखर घातली आणि लोकांची वजनं वाढतच गेली. इंदूर शहाणं, ते जिलबीत दोन्ही ठेवतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून दरमहा 10 टक्के तेल कमी वापरा, असं आवाहन केलं. सोयाबीन तेल गाळणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचं कार्यालय ज्या शहरात, तिथे हे आवाहन कोण टाळणार? तेल कमी झालं. तेवढंच तूप वाढलं.

तेव्हा वाचकहो, तूप की तेल हा वाद पुढच्या रविवारी घाला. आधी महिन्याला घरात किती तेल-तूप येतं ते माणशी भागून बघा. शेवेची पाकिटं धरून.