चार जीबीचे धरण

ग्राफिक्स कार्ड हे संगणकाच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र क्षणोक्षणी रंगवून देणारे, स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुधा स्वतःचे पंखे बाळगणारे उपकरण होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील घरांत त्याची गरज साधारणपणे बारावीच्या निकालानंतर उत्पन्न होते आणि ती नेहमी अभ्यासासाठीच असते. अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज या उपकरणावाचूनही भरता येतो, हे घरातील कर्त्या पुरुषास ठाऊक नसते असे नाही. परंतु लग्नसराईत हळदीच्या व्हिडिओंचे एडिटिंग करून चार पैसेही सुटतील, असे पुरवणी कारण मांडले गेले की हळदीला डीजेवर उधळला जाणारा पैसा त्याच्या डोळ्यांसमोर येतो आणि विरोध बराचसा मावळतो.

उरलेला विरोध किमतीचा असतो आणि तो समजून घेण्यास रुपयांपेक्षा भात हे माप अधिक सोयीचे आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव जाहीर केला असल्याने, वीस हजारांचे कार्ड म्हणजे जवळजवळ साडेआठ क्विंटल भात होतो आणि त्यातला सव्वा क्विंटलाहून थोडा अधिक भात १८ टक्के जीएसटीच्या रूपाने सरकारजमा होतो. हा भात ज्याने लावला, कापला, झोडला आणि गोण्यांत भरून आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नेला, त्याने "एवढ्या पैशांत दिसणार काय?" असे विचारणे शास्त्रास धरूनच आहे. "बाबा, गवताचं पातं न् पातं हललेलं दिसतं," हे त्यावर मिळणारे उत्तरही तांत्रिकदृष्ट्या अचूक असते. मात्र ज्याच्या घरामागे पावसाळाभर चार एकर गवत फुकट हलत असते, त्याला ते पटवून देणे अवघड जाते.

घरातून मंजुरी मिळाली की निवडीचा प्रश्न येतो. दुकानदाराच्या लेखी कार्डाला एकच गुण असतो आणि तो म्हणजे जीबी, अर्थात कार्डावरील मेमरीची साठवणक्षमता. जीटी ७३० हे २०१४ मध्ये निघालेले कार्ड खोक्यावर 'चार जीबी' असे ठळक छापून विकले गेले. २०१९ मध्ये आलेले जीटीएक्स १६५० हेही चार जीबीचेच. आकडा तोच आणि पहिल्याची किंमत कितीतरी कमी, म्हणून काटकसरी ग्राहक पहिले उचलतो आणि आपण कंपनीला फसवले या समाधानात घरी परततो. खोक्यावर जे छापलेले नसते ते मेमरी बँडविड्थ नावाचे माप, म्हणजे मेमरीतून प्रोसेसरकडे एका सेकंदात किती माहिती वाहून जाते याचा हिशेब. जीटी ७३० च्या ६४ बिटांच्या डीडीआर३ आवृत्तीत हा प्रवाह सेकंदाला १४.४ जीबी, तर जीटीएक्स १६५० च्या मूळ आवृत्तीत १२८ जीबी आहे. साठा सारखाच असूनही प्रवाहात जवळजवळ नऊपट अंतर पडते, आणि खेळ चालतो तो प्रवाहावर.

हा भेद इतरत्र आकृती काढून समजवावा लागेल. शहापूरकरास तशी गरज नसावी. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या उपयुक्त साठ्यातील जवळजवळ निम्मा, म्हणजे ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसा धरणाचा आहे; ते धरण शहापूर तालुक्यात आहे आणि १८९२ पासूनचे तानसाही त्याच तालुक्यात आहे. मुरबाडच्या गावांनी जमिनी आणि घरे देऊन बारवी धरण मोठे केले, त्याचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. इकडे एप्रिल उजाडला की पाड्यांवरच्या बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, आणि शहापूरच्या गावांची तहान भागवण्यासाठी पाणी आणायचे ठरते ते नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून. धरण दारात असल्याने हंडा भरत नाही, तो भरण्यास नळ लागतो आणि नळाचे तोंड आपल्याकडे असावे लागते, हे जलशास्त्र ज्याने तीन पिढ्या अंगावर सोसले, तोच ग्राहक कल्याणच्या दुकानात चार जीबीचा आकडा पाहून मान डोलावतो, हे या विषयातील सर्वांत मोठे कोडे आहे.

दुसरा फसवा आकडा सरासरीचा. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक झळकणारी स्थिर चित्रे असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत रंगवून तयार व्हावी लागते. कार्डाची जाहिरात सरासरी फ्रेम सांगते. खेळणाऱ्याला मात्र जाणवते ती ऐन गोळीबारात अडखळलेली फ्रेम. म्हणून जाणकार सरासरीच्या जोडीला 'एक टक्का नीचांक' पाहतात, म्हणजे सर्वांत संथ अशा एक टक्का फ्रेमच्या वेळी खेळ किती वेगाने चालला हे तपासतात. शहापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याची सरासरी काढल्यास एकही दिवस कोरडा राहत नाही. टँकरचे वेळापत्रक या सरासरीत कुठेही दिसत नाही. नव्वद फ्रेमच्या सरासरीचे कार्ड नीचांकाला वीसवर घसरत असेल, तर साठ सरासरी राखून पन्नासच्या खाली न जाणारे कार्ड अधिक मोलाचे ठरते. शिवाय घरातील मॉनिटर साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलणारा असेल, तर साठावरील फ्रेम पडद्यावर नव्याने काही दाखवीत नाहीत. त्यांचा उपयोग मुख्यतः मित्रांना सांगण्यापुरता उरतो.

कार्ड ज्या यंत्रात बसायचे, ते बहुधा मुंबईतील एखाद्या कार्यालयातून निवृत्त होऊन स्वस्तात आलेले असते. पाणी देऊन जुने संगणक घेण्याचा हा व्यवहार दोन्ही बाजूंना मान्य दिसतो. अशा यंत्रातील एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाला सोसेल अशी करून देणारा डबा, कार्यालयीन कामापुरताच सशक्त असतो. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याहून अधिक भूक असल्यास डब्यातून वेगळी वायर ओढावी लागते. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या डब्यावर पाचशे वॅट लिहिलेले असते खरे, परंतु ते वाचून विश्वास ठेवणाऱ्याने निवडणुकीचे जाहीरनामेही जपून ठेवलेले असतात. २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी चारच मार्गिकांनी बोलते, त्यामुळे जुन्या यंत्रात त्याचा जीव आणखी गुदमरतो. त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा भागही नाही, म्हणजे हळदीच्या एडिटिंगचे कारण सांगून हेच कार्ड घरात आणणाऱ्याची पंचाईत दुहेरी होते.

जुन्या कार्डांचा बाजार हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे पुसूनपासून विक्रीस आली. अशा प्रत्येक कार्डाचा पूर्वीचा मालक, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार, फक्त रविवारी खेळणारा असतो. आरएक्स ५८० या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ गणनएकक असलेला धाकटा भाऊ खपवला जातो, आणि दशकापूर्वीच्या चिपवर खोटी ओळख चढवून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून उभे करणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर ही लबाडी बहुतेक वेळा दोन मिनिटांत उघडी पाडते. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावच्या यात्रेत बैलाचा दात पाहिल्याशिवाय जो इसार देत नाही आणि दात पाहूनही त्याला दहा पावले चालवून बघतो, तोच कार्डाचा पंखा न फिरवता आणि एकही खेळ न चालवता रोख मोजतो. कारण बैलाबाबत वडील सोबत असतात, कार्डाबाबत त्यांना घरी ठेवलेले असते.

मग घ्यावे काय? अगदीच हात आखडता असल्यास कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी सारखा, पोटातच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. तो संगणकाच्या सामायिक रॅमवर जगत असल्याने सोळा जीबीची एक पट्टी न लावता आठ-आठच्या दोन लावाव्यात, म्हणजे प्रवाह दुप्पट होतो. एसएमपीएस बदलण्याची ऐपत नसल्यास ७० वॅटमध्ये भागवणारे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० बरे, मात्र याच नावाचे आठ जीबीचे कार्ड वेगळे आणि अधिक खादाड आहे, हे दुकानातच तपासावे. डबा चांगला असेल तर १३२ वॅटचे, आठ जीबीचे आरएक्स ६६०० फुल एचडी पडद्यावर बहुतेक खेळ सुरळीत चालवते, आणि या बजेटात त्यापलीकडे जाणे हे प्रस्तुत विवेचनाच्या मते भाताशी केलेले वैर आहे. मुरबाडला रेल्वे नसल्याने तेथील ग्राहकाने एसटीने कल्याण गाठून पुढे मुंबईतील लॅमिंग्टन रोडपर्यंत जावे की घरपोच मागवावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा, यावर नाहीत.

या सर्व कार्डांच्या चाचण्या वातानुकूलित प्रयोगशाळांत झालेल्या असून वळवाच्या पहिल्या सरीची चाचणी त्यांपैकी एकीनेही घेतलेली नाही. ढग दाटताच डीपीवर आवाज होऊन लाईट जाते, छोटा यूपीएस काही मिनिटे तग धरतो, त्याच्या आधाराने संगणक नीट बंद करता येतो. परंतु ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही आणि राउटर तर यूपीएसला जोडलेलाच नसतो. दूरच्या सर्व्हरला खेळाडू रण सोडून पळाला एवढेच कळते, आणि सामना अर्धवट टाकल्याबद्दलची बंदी, वीज कंपनीवर न बसता, त्याच्या खात्यावर बसते.