भाऊसाहेबांची पत्ती

नांदेडच्या कचेऱ्यांत लातूरहून बदलून आलेले एखादे भाऊसाहेब असतातच. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात फायली नसतात, डबे असतात. एकात आसामचा सीटीसी दाणा, दुसऱ्यात डस्ट, तिसऱ्यात घरच्या परसातला गवती चहा. पत्ती शेजारचा वास पटकन धरते, म्हणून वेलदोडे वरच्या खणात, स्टॅम्पपॅडजवळ. वेलदोड्यांना शाईचा वास लागतो त्याचं काय, हे विचारण्याची कुणाची छाती नाही.

नवा माणूस रुजू झाला की पहिला प्रश्न, "घरी कोणती पत्ती वापरायलाव?"

उत्तर काहीही असो, भाऊसाहेब हळहळतात. मग शिकवणी सुरू. डस्ट लगेच रंग सोडते, दाण्याला दोन-तीन मिनिटं उकळी लागते. म्हणून मार्चएंडला डस्ट, एरवी दाणा. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं. हे यंत्र १९३०च्या दशकात आसामात निघालं. "आपल्याकडं अर्जाचं तेच करतेत, बिनमशीनचं," इति भाऊसाहेब.

एकदा साहेबांकडं दार्जिलिंगचं पाकीट आलं. भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालं ते या चहाला, २००४ साली. तो नुसत्या गरम पाण्यात मुरवायचा, दुधाविना. शिपायानं आलं ठेचलं, दूध ओतलं आणि खळखळून उकळला. भाऊसाहेबांनी त्या दुपारी अर्धी रजा टाकली म्हणतात. हजेरीपटावर तशी नोंद नाही.

विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर दोन्ही जिल्हे भांडले. भाऊसाहेबांचं भांडण पाण्याशी. कोऱ्या चहावर तवंग दिसला की ते कप उजेडात धरतात. "बोअरचं जड पाणी!" निदान चुकीचं नाही, पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांना धरतो आणि वर साय येते. पण उपाय म्हणून ते दर सोमवारी लातूरहून पाच लिटरचा कॅन आणतात.

एका कारकुनानं विचारलं, "एप्रिल २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तवा चहा कसा होत होता?"

पहिल्या गाडीत दहा टँकर, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. आकडे भाऊसाहेबांनाही पाठ. ते बराच वेळ बशीकडं बघत राहिले.

"तवाच तर जमला होता."

शनिवारी ते एसटीनं गावाकडं निघतात. अहमदपूरला गाडी थांबते. टपरीवर पातेल्यात सकाळपासूनची पत्ती रटरटत असते, पाणी कुठलं कोण जाणे. भाऊसाहेब दोन कट मारतात, तिसरा सांगतात. कंडक्टरची शिट्टी वाजते, तरी बशीतला शेवटचा घोट फुर्रकन ओढल्याशिवाय पाय उचलत नाहीत.